बातमीतला ग्रह आकाशात कुठे आहे? नव्या आकाशनिरीक्षकांसाठी मार्गदर्शन

अवकाशातल्या घडामोडींच्या बातम्या आता जवळजवळ रोज येतात. कधी एखादे यान गुरूकडे निघालेले असते, कधी एखादा लघुग्रह पृथ्वीजवळून जाणार असतो, तर कधी एखाद्या अवकाश दुर्बिणीने नवी छायाचित्रे पाठवलेली असतात. या बातम्या आवडीने वाचणाऱ्या बहुतेकांना त्या रात्री गुरू आकाशात कोणत्या बाजूला आहे हे मात्र सांगता येत नाही. यात त्यांचा दोष नाही, कारण बातमीत ते लिहिलेलेच नसते. म्हणून या लेखातला क्रम असा ठेवला आहे की आधी आकाशातले पत्ते ओळखीचे करून घ्यावेत, मग साधनांचा विचार करावा आणि त्यानंतर बातम्यांकडे वळावे. हा क्रम उलटा केल्याने काय होते, हे मी स्वतः अनुभवले आहे. हौसेपोटी मी दुर्बीण आधी आणली आणि पहिल्या तीन रात्री तिच्यातून काळोखाखेरीज काहीही पाहिले नाही. दुर्बिणीत कसलाही बिघाड नव्हता. ती कुठे रोखायची हेच मला ठाऊक नव्हते.

पहिली पायरी : डोळे अंधाराला सरावू द्यावेत

उजेडातून बाहेर आल्याबरोबर वर पाहून ‘आज आकाशात फारसे काही नाही’ असे म्हणणे ही नवशिक्यांची सर्वांत नेहमीची चूक आहे. डोळ्याच्या पडद्यावरच्या ज्या पेशी मंद प्रकाशात काम करतात, त्यांना पूर्ण क्षमतेला यायला २० ते ३० मिनिटे लागतात आणि मोबाइलच्या पडद्याकडे एकदा नजर टाकली की ही सारी कमाई काही क्षणांत जाते. नकाशा पाहायचाच असेल तर विजेरीच्या काचेवर लाल कागद बांधावा, कारण मंद लाल प्रकाशाचा या पेशींवर फारसा परिणाम होत नाही. मोबाइलवरच्या आकाशनकाशाच्या बहुतेक ॲपमध्येही लाल पडद्याची सोय असते, ती आधीच सुरू करून ठेवावी.

याच पेशींमुळे आणखी एक युक्ती उपयोगी पडते. नजरेच्या अगदी मध्यभागी या पेशी नसतात, त्यामुळे एखाद्या पुसट ताऱ्याकडे टक लावून पाहिले तर तो नाहीसा होतो आणि नजर किंचित बाजूला वळवली की पुन्हा उमटतो. कृत्तिकांचा पुंजका या प्रयोगासाठी उत्तम आहे. सरळ पाहताना त्यात पाच-सहा तारे मोजता येतात. तिरप्या नजरेने पाहिल्यावर तोच पुंजका एकदम दाट वाटू लागतो.

पौर्णिमेच्या आगेमागे चार-पाच दिवस पुसट गोष्टी शोधण्याचा आग्रह धरू नये. शहरातल्या उजेडाचा इलाज निरीक्षकाच्या हाती नसतो, पण दिव्यांना पाठ करून, एखाद्या भिंतीच्या आडोशाला उभे राहिले तरी पुष्कळ फरक पडतो. चंद्र, ग्रह आणि ठळक तारे तर शहरातूनही उत्तम दिसतात.

दुसरी पायरी : हाताने मोजावे, ठळक ताऱ्यांवरून वाट काढावी

आकाशातली अंतरे अंशात मोजतात आणि त्यासाठी लागणारी मोजपट्टी आपल्या अंगालाच असते. हात पूर्ण लांब केला की करंगळीची रुंदी साधारण १ अंश, मिटलेल्या मुठीची रुंदी १० अंश आणि अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत ताणलेल्या पंजाची रुंदी सुमारे २० अंश भरते. पूर्णचंद्र किती मोठा दिसतो असे विचारले तर बहुतेकजण करंगळीपेक्षा मोठा असे उत्तर देतात. प्रत्यक्षात तो अवघा अर्धा अंश असतो आणि करंगळीआड सहज झाकला जातो.

उत्तर गोलार्धात सुरुवात सप्तर्षींपासून करणे सोपे जाते, कारण एप्रिल-मे महिन्यांत ते संध्याकाळीच उत्तरेला उंचावर असतात. चौकोनाच्या बाहेरच्या बाजूचे दोन तारे म्हणजे पुलह आणि क्रतू. पुलहाकडून क्रतूकडे रेघ काढून ती त्या दोघांतल्या अंतराच्या सुमारे पाचपट पुढे नेली की ध्रुवतारा सापडतो. तो आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा असतो हा समज चुकीचा आहे. तो मध्यम तेजाचा आणि एकटा असतो. क्षितिजापासून तो जितके अंश वर दिसतो, तितका साधारणपणे आपल्या ठिकाणाचा उत्तर अक्षांश असतो, म्हणजे २० अंशांवर राहणाऱ्याला तो क्षितिजापासून दोन मुठींवर दिसेल. सप्तर्षींच्या शेपटीचा बाक तसाच पुढे वळवत नेला की नारिंगी छटेचा स्वाती लागतो आणि आणखी पुढे निळसर-पांढरी चित्रा. शेपटीतल्या मधल्या ताऱ्याकडे, म्हणजे वसिष्ठाकडे, नीट पाहिले तर त्याला अगदी लगटून असलेली अरुंधतीही दिसते आणि आपल्या नजरेची परीक्षाही होऊन जाते.

डिसेंबर ते मार्चच्या संध्याकाळी मृग नक्षत्र हा सर्वांत भरवशाचा वाटाड्या असतो. त्याच्या मधोमध एका रेषेत असलेले तीन तारे एकदा ओळखले की पुन्हा विसरता येत नाहीत. ती रेषा एका बाजूला वाढवली की आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा व्याध येतो आणि दुसऱ्या बाजूला वाढवली की तांबूस रोहिणी व तिच्यापुढे कृत्तिका येतात. रात्रीला दोनच नक्षत्रे पक्की करावीत. वर्षभरात सारे आकाश फिरून समोर येतेच, त्यामुळे घाई करण्याचे कारण नाही.

तिसरी पायरी : ग्रहांचा रस्ता ओळखावा

सूर्य, चंद्र आणि ग्रह आकाशात कुठेही भटकत नाहीत. क्रांतिवृत्त नावाच्या एका ठरलेल्या पट्ट्यातूनच ते जातात आणि मघा, चित्रा, ज्येष्ठा, रोहिणी हे ठळक तारे याच पट्ट्याच्या आसपास आहेत. या पट्ट्यात नकाशात नसलेला एखादा ठळक, स्थिर प्रकाशाचा ठिपका दिसला तर तो ग्रह समजावा. तारे लुकलुकतात, ग्रह सहसा लुकलुकत नाहीत, पण क्षितिजाजवळ हा नियम फार मनावर घेऊ नये; तिथे व्याधाबरोबर शुक्रही थरथरताना दिसतो. ‘सहा ग्रह एका रांगेत’ अशा बातम्या येतात तेव्हाही हाच पट्टा आठवावा. ग्रह कायमच या वाटेवर असतात. त्यातले बरेचसे एकाच वेळी क्षितिजाच्या वर असणे एवढीच ती घटना असते, आणि त्या सहांपैकी नेपच्यून नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही, तर युरेनस अत्यंत काळ्याभोर आकाशातच कसाबसा दिसतो.

चौथी पायरी : द्विनेत्री आधी, दुर्बीण नंतर

पहिले साधन म्हणून द्विनेत्रीच (बायनॉक्युलर) घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. तिच्यावर ७×५० किंवा १०×५० असे आकडे असतात. पहिला आकडा वस्तू किती पट मोठी दिसेल ते सांगतो आणि दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये सांगतो. अंधारात डोळ्याची बाहुली फार तर ७ मिलिमीटर उघडते; तिच्याशी तुलना केली तर ५० मिलिमीटरचे भिंग सुमारे पन्नासपट प्रकाश गोळा करते. दहापटीहून अधिक मोठे दाखवणारी द्विनेत्री हातात स्थिर राहत नाही, त्यामुळे मोठ्या आकड्यांच्या मोहात पडू नये. दहापटीची द्विनेत्रीसुद्धा कोपर भिंतीवर टेकवून किंवा आरामखुर्चीत रेलून धरावी.

ती पहिल्यांदा चंद्राकडे वळवावी, पण पौर्णिमेला नव्हे. पौर्णिमेचा चंद्र सपाट दिसतो, कारण तेव्हा तिथे सावल्या दिसत नाहीत. शुक्ल षष्ठी ते दशमीच्या सुमारास उजेड आणि अंधार यांच्या सीमारेषेवर विवरांच्या कडा लखलखतात, तळ काळा राहतो आणि काही ठिकाणी अंधारात एकटे डोंगरमाथे उजळलेले दिसतात. तासाभराने पुन्हा पाहिले तर त्यातल्या काही माथ्यांच्या पायथ्यापर्यंत ऊन उतरलेले असते.

त्यानंतर गुरू पाहावा. कोपर टेकवून पाहिल्यास त्याच्या दोन्ही बाजूंना एका रेषेत बारीक ठिपके, म्हणजे गुरूचे चंद्र दिसतील, कधी चार, कधी तीन, कधी दोन. ७ जानेवारी १६१० च्या रात्री गॅलिलिओने हेच ठिपके पाहिले. आधी त्याला तीन दिसले आणि चौथा १३ तारखेला सापडला. वहीत मध्ये एक वर्तुळ काढून ठिपके जसे दिसले तसे मांडावेत, बाजूला तारीख आणि वेळ लिहावी आणि ओळीने चार-पाच रात्री हेच करावे. या चंद्रांपैकी आयो ४२ तासांत गुरूभोवती एक फेरी पूर्ण करतो आणि कॅलिस्टोला जवळजवळ १७ दिवस लागतात. हे वाचून जितके कळते त्याहून कितीतरी अधिक आपण स्वतः काढलेल्या पाच चित्रांतून कळते. ही वही पुढेही ठेवावी. तिच्यात तारीख, वेळ, ठिकाण, आकाशाची स्थिती, साधन आणि काय दिसले एवढ्याच गोष्टी असल्या तरी पुरे. काय दिसले नाही तेही लिहावे.

मृगाच्या तीन ताऱ्यांखालचा तेजोमेघ (वायू व धुळीचा चमकता ढग) आणि देवयानी दीर्घिका (आपल्या आकाशगंगेसारखा ताऱ्यांचा प्रचंड समूह) द्विनेत्रीतून दिसतात, पण छायाचित्रांतल्या रंगांची अपेक्षा ठेवून पाहिले तर निराशा होईल. तेजोमेघ राखाडी धुक्यासारखा दिसतो आणि दीर्घिका एका लांबट, पुसट डागासारखी. मात्र त्या डागातून डोळ्यांत शिरणारा प्रकाश सुमारे २५ लाख वर्षांपूर्वी निघालेला असतो.

दुर्बीण घेण्याची वेळ आली की ती ‘किती पट मोठे दाखवते’ हे विचारू नये, तिच्या आरशाचा किंवा भिंगाचा व्यास विचारावा. चांगल्या रात्रीही व्यासाच्या दर मिलिमीटरला दुपटीहून अधिक वर्धन, म्हणजे मोठे दाखवणे, उपयोगाचे नसते, म्हणून ६० मिलिमीटरच्या दुर्बिणीच्या खोक्यावर ‘५०० पट’ लिहिलेले असेल तर ती परत ठेवावी. सुरुवातीला डॉबसोनियन बैठकीवरची (हाताने सहज फिरवता येणाऱ्या साध्या बैठकीवरची) ११४ ते १५० मिलिमीटर व्यासाची परावर्तक, म्हणजे आरशाची दुर्बीण पुरेशी असते. दुर्बिणीच्या नाभीय अंतराला (आरसा किंवा भिंगापासून प्रतिमा जिथे जुळते तिथपर्यंतच्या अंतराला) नेत्रिकेच्या, म्हणजे डोळ्याजवळच्या भिंगाच्या, नाभीय अंतराने भागले की वर्धन मिळते. १२०० मिलिमीटरच्या दुर्बिणीला २५ मिलिमीटरची नेत्रिका लावल्यास ४८ पट मोठे दिसेल आणि शनीची कडी पाहायला तेवढे पुष्कळ आहे. सुरुवातीला सांगितलेल्या माझ्या तीन कोऱ्या रात्रींचे आणखी एक कारण म्हणजे वरची छोटी शोधक दुर्बीण मुख्य दुर्बिणीशी जुळवलेली नव्हती. ते काम दिवसा करावे. दूरच्या एखाद्या खांबाचे टोक मुख्य दुर्बिणीच्या मधोमध आणावे आणि शोधक दुर्बिणीचे स्क्रू फिरवून तेच टोक तिच्याही मधोमध आणावे. हे करताना सूर्य ज्या बाजूला असेल त्या बाजूला दुर्बीण वळवू नये. पुढच्या टोकाला सूर्यासाठीची योग्य गाळणी (फिल्टर) न लावता दुर्बिणीतून किंवा द्विनेत्रीतून सूर्याकडे क्षणभरही पाहिले तर डोळा कायमचा जाऊ शकतो, आणि त्या वेळी वेदनाही होत नाहीत. संध्याकाळी बुध शोधायचा असेल तर सूर्यबिंब पूर्ण मावळल्यावरच द्विनेत्री डोळ्यांना लावावी.

पाचवी पायरी : बातमी वाचून बाहेर यावे

आता बातम्यांकडे वळू. कोणतीही बातमी वाचताना दोन प्रश्न विचारावेत. ही गोष्ट आकाशात कोणत्या दिशेला आहे आणि तिथले काय मला दिसू शकते?

२३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्रयान-३ चंद्राच्या सुमारे ६९ अंश दक्षिण अक्षांशावर उतरले. त्याचे अवतरक, म्हणजे चंद्रावर उतरलेला भाग, पृथ्वीवरच्या कोणत्याही दुर्बिणीतून दिसणार नाही, कारण १०० मिलिमीटरच्या दुर्बिणीला चंद्रावरची सुमारे दोन किलोमीटरहून लहान वस्तू वेगळी ओळखता येत नाही. पण तो प्रदेश दिसतो. शुक्ल अष्टमीला उजेड-अंधाराची सीमारेषा जिथे दक्षिणेला चंद्राच्या कडेला भिडते, त्याच्या किंचित अलीकडे, उजळ बाजूला नजर ठेवावी. विवरांवर विवरे पडून खडबडीत झालेला तो भाग पाहिला की तिथे यान उतरवणे का अवघड होते याची कल्पना येते.

१४ ऑक्टोबर २०२४ रोजी निघालेले युरोपा क्लिपर यान एप्रिल २०३० मध्ये गुरूपाशी पोहोचणे अपेक्षित आहे, आणि त्याचे लक्ष्य असलेला युरोपा हा आपल्या वहीतल्या चार ठिपक्यांपैकीच एक आहे. जेम्स वेब दुर्बीण पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवर, सूर्याच्या विरुद्ध बाजूला असते. म्हणून मध्यरात्री सूर्याच्या नेमक्या उलट दिशेचा अंदाज घेतला की साधारण त्या भागात ती आहे, असे समजावे. १९७७ मध्ये निघालेले व्हॉयेजर-१ भुजंगधारी तारकासमूहाच्या दिशेने दूर जात आहे आणि त्याचा संदेश आपल्यापर्यंत यायला २३ तासांहून अधिक वेळ लागतो. मंगळाकडे जाणाऱ्या यानांच्या बातम्या घोळक्याने का येतात, याचेही उत्तर आकाशातच आहे. मंगळ साधारण दर २६ महिन्यांनी पृथ्वीच्या जवळ येऊन रात्रभर ठळक दिसतो आणि याने त्याच्या काही महिने आधी सोडावी लागतात. जुलै २०२० मध्ये होप, थ्येनवेन-१ आणि पर्सेव्हरन्स ही तीन याने निघाली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मंगळ तेजाने झळकत होता.

आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाची बातमी तर साधनाशिवाय पडताळता येते. सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून ते दीड तासाच्या आसपास पृथ्वीला फेरी मारते. सूर्यास्तानंतरच्या किंवा सूर्योदयाआधीच्या एक-दोन तासांत, खाली अंधार आणि वर ऊन असताना, ते न लुकलुकणाऱ्या ठळक ठिपक्यासारखे चार-पाच मिनिटांत आकाश ओलांडते. लुकलुकणारे दिवे दिसले तर ते विमान असते. पुष्कळदा स्थानक क्षितिजापर्यंत पोहोचतच नाही, मध्येच काही सेकंदांत विझते. त्या क्षणी ते पृथ्वीच्या सावलीत शिरलेले असते. आपल्या ठिकाणाची वेळ आणि दिशा ॲपमध्ये आधी पाहून ठेवावी.

धूमकेतूंच्या आणि उल्कांच्या बातम्यांत आकडे नीट वाचावे लागतात. ताऱ्यांची प्रत उलटी मोजतात. आकडा जितका मोठा तितका तारा मंद, आणि पाच प्रतींचा फरक म्हणजे तेजात शंभरपट फरक. काळोख्या आकाशात नुसत्या डोळ्यांना सहाव्या प्रतीपर्यंत दिसते. मात्र ‘सहाव्या प्रतीचा धूमकेतू’ सहाव्या प्रतीच्या ताऱ्याइतका सहज दिसत नाही, कारण तेवढेच तेज एका बिंदूत नसून पसरट डागभर वाटलेले असते. उल्कावर्षावात ‘ताशी शंभर उल्का’ हा आकडा उगमबिंदू (उल्का जिथून येताना भासतात ती जागा) थेट माथ्यावर आणि आकाश पूर्ण काळे असतानाचा असतो. १३-१४ डिसेंबरच्या मिथुन उल्कावर्षावात शहराबाहेरून त्याच्या निम्म्या दिसल्या तरी रात्र सार्थकी लागली असे समजावे.

सर्वांत जास्त गोंधळ लघुग्रहांच्या बातम्यांत होतो, म्हणून तिथे थोडे थांबतो. २७ डिसेंबर २०२४ रोजी सापडलेला ‘२०२४ वायआर४’ हा लघुग्रह २२ डिसेंबर २०३२ रोजी पृथ्वीवर आदळण्याची शक्यता आधी एक टक्क्याच्या आसपास सांगितली गेली, १८ फेब्रुवारी २०२५ ला ती ३.१ टक्क्यांवर गेली आणि पुढच्या काही दिवसांत जवळजवळ शून्यावर आली. अनेकांना वाटले की शास्त्रज्ञांनी आधी घाबरवले आणि मग माघार घेतली. प्रत्यक्षात गणित असे चालते : थोड्याच निरीक्षणांवरून कक्षा काढली की त्या दिवशी लघुग्रह कुठे असेल याचा एक लांबच लांब पट्टा मिळतो आणि पृथ्वी त्या पट्ट्यातला एक लहानसा ठिपका असते. निरीक्षणे वाढली की पट्टा आखूड होतो. जोवर पृथ्वी त्याच्या आत आहे, तोवर आखडत्या पट्ट्यातला तिचा वाटा वाढतो, म्हणजे टक्का चढतो. आणि पट्ट्याचे टोक पृथ्वीवरून सरकले की तो एकदम कोसळतो. म्हणून चढता टक्का वाचून लगेच घाबरू नये आणि पुढच्या निरीक्षणांची वाट पाहावी. बातमीतले अंतरही चंद्राच्या अंतराशी, म्हणजे सुमारे ३,८४,४०० किलोमीटरशी ताडून पाहावे. ‘जवळून’ जाणारे बरेच लघुग्रह त्याच्या कित्येक पट दूर असतात. अपोफिस मात्र खरोखरच जवळून जाणार आहे. १३ एप्रिल २०२९ रोजी तो पृथ्वीच्या पृष्ठभागापासून सुमारे ३२,००० किलोमीटरवरून जाईल, आदळणार नाही, आणि पृथ्वीच्या काही भागांतून तो नुसत्या डोळ्यांनीही दिसेल.

सहावी पायरी : एका ताऱ्यावर लक्ष ठेवावे

काही महिन्यांचा सराव झाल्यावर तेज बदलणाऱ्या ताऱ्यांची नोंद ठेवावी. हौशी निरीक्षकांच्या अशा नोंदी १९११ पासून ‘अमेरिकन असोसिएशन ऑफ व्हेरिएबल स्टार ऑब्झर्व्हर्स’ ही संस्था जमा करत आली आहे आणि संशोधक त्या वापरतात. मृगातला तांबूस काक्षी २०१९ च्या अखेरीपासून इतका मंदावला की फेब्रुवारी २०२० मध्ये ज्यांना मृगाची ओळख होती, त्या सर्वांना ते साधनाशिवाय जाणवले. त्याची तुलना रोहिणीशी करावी, दर आठवड्याला एक ओळ लिहावी.

उत्तर मुकुट या तारकासमूहातला एक तारा तर आणखी चमत्कारिक आहे. एरवी तो दहाव्या प्रतीचा, म्हणजे डोळ्यांना अदृश्य असतो, पण १८६६ मध्ये आणि पुन्हा १९४६ मध्ये त्याच्यावर स्फोट होऊन तो काही दिवस ध्रुवताऱ्याइतका ठळक झाला होता. त्याचा पुढचा स्फोट होण्याची वाट निरीक्षक पाहत आले आहेत. एप्रिल ते सप्टेंबर या महिन्यांत स्वातीकडून ठळक अभिजित ताऱ्याकडे नजर नेताना, स्वातीच्या बाजूलाच सात ताऱ्यांची एक अर्धवर्तुळाकार कमान लागते. तोच उत्तर मुकुट. ती कमान वहीत काढून ठेवावी आणि आकाश निरभ्र असेल तेव्हा झोपण्यापूर्वी एकदा मोजावी. कमानीच्या लगत, चित्रात नसलेला आठवा ठळक तारा दिसला, तर आधी घड्याळ पाहून मिनिटासकट वेळ लिहावी आणि मगच कोणाला हाक मारावी.